धाकट्याची मुल्की

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आम्ही ईट गावचे. वडील लवकर गेले, तेव्हापासून घराचा कारभारी मी. धाकटा मधू माझ्याच हाताखाली वाढला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. रियासतीचा कायमचा रहिवासी तो मुल्की, आणि सरकारी नोकरी त्यालाच. मधूला मास्तर व्हायचं होतं. पोरगं उर्दू असं लिहायचं, की शाळेतले मौलवी त्याची वही वर्गभर फिरवायचे.

मला मात्र बार्शीला, इंग्रजी हद्दीत, कारकुनी मिळत होती. साहेबाची अट एकच — निजामाची रयत नको, मुल्की सोडल्याचा कागद आण. मला कुणी हाकललं नव्हतं. मी आपल्या पायांनी तहसिलीत गेलो.

एकट्याचं नाव काढायचं तर कागद वर जिल्ह्याला जाणार, महिने लागणार. सगळं घरच मुल्की सोडत असेल, तर तिथल्या तिथं शिक्का. तोवर नोकरी थांबली नसती का? — थांबलीही असती. मी साहेबाला विचारलंच नाही.

तिथला मुनशी भला माणूस. सगळ्या घराचं लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "धाकट्याला इचारलं का? त्याचं लई नुस्कान हुईल."

"व्हय, इचारलंय," मी म्हणालो.

मधू तेव्हा घरी परीक्षेचा अभ्यास करत होता.

पास झाला. आणि मास्तरकीचा अर्ज परत आला — घर मुल्की नाही. तो चक्रावलाच. "दादा, तुझं एकट्याचं नाव काढायचं सोडून तहसिलीतल्या त्या मुनशीनं सगळं घरच काढलं, घात केला आपला," म्हणाला. मी काय केलं असेल? — मान डोलावली.

मग एकदा आमच्या शेजारच्या वाशी गावच्या भर बाजारात त्यानं मुनशीची टोपी उडवली. "बेइमान!" म्हणून ओरडला. मुनशीनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता, तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तो वाकला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि चालू लागला. मला सुटल्यासारखं वाटलं — बरं वाटलं, खरंच. त्याचीच आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मधूनं जन्मभर बार्शीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या. मी पेन्शनीत निघालो. लोक कौतुकानं सांगतात, यांनी निजामाच्या तोंडावर मुल्की फेकली. एकदा सत्कारही केला. शाल, नारळ — घेतला मी.

मधू परवा वारला. शेवटच्या दुखण्यातही त्या मुनशीला शिव्या देत होता. मी उशाशी होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्याला नीट ऐकू येत होतं, सबंध दुपार माझ्या हातात होती. मी त्याला दोन घोट पाणी पाजलं आणि म्हणालो, "व्हय रे मधू, बेइमानच त्यो."