आईनं निवडलेला स्क्रू-ड्रायव्हर

गेल्या रविवारी आईला घेऊन पेणच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले... चार्जिंगवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला. गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं, त्यामुळे दुकानदार सगळं माझ्याकडे बघूनच सांगत होता.

यामागे एक पैज होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून आई रोह्याच्या घरात एकटीच राहते आणि मी पेणला आमच्याकडे चल म्हणून सारखी तिच्या मागे लागलेली असते. अशात ओट्यावरच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबकळायला लागलं. तिनं ते चिंधीनं बांधून ठेवलं आणि मला आयतं कारण मिळालं.

सुतार "उद्या येतो" म्हणाला आणि डोलवीला कंत्राटाच्या कामावर गेला, तो गेलाच. मी म्हटलं, बघ, साधं दार बसवायला माणूस मिळत नाही, कशाला राहतेस एकटी?

आई म्हणाली, "दार मी बसवते. मशीन तेवढं घेऊन दे. पण बसलं, तर परत चल चल करायचं नाय."

मी लगेच हो म्हटलं. तिची मनगटं धरलेली, लोणच्याची बरणी उघडायला शेजारणीला हाक मारते... मला कसली भीती!

दुकानात तीन मशिनं समोर आली. व्होल्ट, टॉर्क असं काय काय कानावर पडत होतं, आणि माझा डोळा सगळ्यात मोठ्यावर. घ्यायचं तर एकदाच दणकट घ्यावं, हा आमच्या घरचा बाणा.

आई मात्र नारळ पारखून घ्यावा तशी एकेक उचलून बघत होती. उचलायची आणि हात वर नेऊन धरून ठेवायची, कारण कपाट वर आहे. मोठा तिनं लगेच खाली ठेवला. "हा पुलाच्या कामाला न्या," दुकानदाराला म्हणाली.

दुसरा सरळ कांडीसारखा, तो दाबताना तिचं मनगट दुखलं. तिसरा छोटा, पिस्तुलासारख्या मुठीचा. बटण दाबलं तर पुढे बारीक दिवा लागला. आई त्या दिव्याकडे बघतच राहिली... "ह्याला उजेड हाय गो." झालं, तोच घेतला.

गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसली होती. रोह्याच्या वाटेवर गडब गाव मागे पडलं. मग एकदम म्हणाली, "आता बॅटरी धरायला कोण नको."

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. अण्णा कंपनीतून शिफ्ट करून आले की घरातलं काही ना काही खोलून बसायचे. पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्क्रू, आणि शेजारी बॅटरी धरून आई. तिचं लक्ष भाताकडे गेलं की उजेड हलायचा आणि अण्णा ओरडायचे, "नीट धर गो! लक्ष कुठं हाय?" आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो.

अण्णांचा तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळावा असं फार वाटतं हो...

घरी गेल्या गेल्या आईनं पदर खोचला. स्क्रूची भोकं ढिली झाली होती, तर तिनं आगपेटीच्या काड्या मोडून त्यात बसवल्या. अण्णा असंच करायचे. मशीनची रिंग मी कमी आकड्यावर ठेवून दिली, म्हणजे स्क्रू घट्ट बसला की ते करकर करून आपोआप थांबतं.

पहिला स्क्रू तिरका गेला. उलटा फिरवून काढला... आणि मग आईनं हात थांबवले. खणातून अण्णांची जुनी स्टीलची बॅटरी काढली आणि माझ्या हातात दिली.

"अगं, मशीनला दिवा आहे ना!"

"असू दे. तू धर."

एका हातानं दार, दुसऱ्या हातानं बॅटरी धरून मी उभी राहिले. स्क्रू सरळ आत जायला लागला. माझे डोळे भरून आले, हात हलला असावा...

"नीट धर गो! लक्ष कुठं हाय?"

दोघी एकदम थांबलो. मग ती हसायला लागली आणि मी रडायला.

दार बसलं. अगदी फिट्ट बसलं. सोडलेल्या चिंधीनंच आईनं ओटा पुसला, माझ्याकडे न बघता.

तुमच्यापैकी कुणाला घरासाठी असला स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा असेल तर आकडे नंतर बघा. ज्याच्या हातात तो राहणार आहे, त्याला हात वर करून धरायला लावा आधी.

पैज मी हरले, त्यामुळे चल चल करणं बंद. काल आईचा फोन आला होता. न्हाणीघराची कडी ढिली झालीय म्हणे, मशीन चार्जिंगला लावून ठेवलंय... पण बॅटरी धरायला माणूस नाय.

येत्या रविवारी मी रोह्याला चाललेय.