उपरण्याखालचा हात

सेलूच्या बैलबाजारात जिंतूरकडच्या एका पाटलानं भाव चालू असतानाच उपरण्याखालून आपला हात ओढून घेतला आणि धोतराला पुसला. मी ते विसरलेलो नाही. विसरायचं ठरवलंही नाही.

बैलांचा सौदा तेव्हा तोंडानं होत नसे. गिऱ्हाईक आणि आम्ही हेडी, म्हणजे बैलांचे दलाल, उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचो आणि बोटं दाबून भाव सांगायचो. भोवती कितीही माणसं उभी असोत, आकडा दोघांतच राहायचा. सौदा मोडला तर मोडला, पण हात कुणी झटकत नसे. पाटील म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या. मेव्हण्याला धाडा तुमच्या."

मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यात माझा भागीदार होता. शेजारीच उभा होता. त्यानं उपरण्यात हात घातला आणि माझी जोडी माझ्या गिऱ्हाइकाला विकून टाकली.

माझे हात बिघडले होते हे खरं. उन्हाळा लागला तेव्हा पंजांची पाठ भाजल्यासारखी लाल झाली, मग काळी पडली, खरबरीत झाली, भेगाळली. दोन्ही हातांना सारखंच, आणि बाही सुरू होते तिथं रेघ मारल्यासारखं थांबलेलं. गळ्याभोवती तसाच पट्टा. पायांवरही. जीभ लालभडक, ठेचा सोसेना. पोट सारखं चालायचं. राग मला पहिल्यापासून आहे, एका गोऱ्ह्यापासून दावणीपर्यंत मी रागावरच आलो. पण त्या दिवसांत भांडता भांडता मध्येच, आपण कशावरून भांडतोय, तेच आठवेना. मी तोंड उघडं ठेवून उभा राहायचो आणि समोरचा हसायचा.

गावानं नाव ठेवलं, रगतपिती. म्हणजे महारोग. न्हावी यायचा बंद झाला. मेव्हणा आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दाजी, तुमी घरी बसा. बाजार मी बघतो की."

"बघशील. तुला बोटं कुणी शिकवली रे?"

"तुमीच. म्हनून तर म्हनतो, शिकवल्यालं वाया कशाला घालवायचं?"

मी चप्पल फेकून मारली. त्यानं ती चुकवली आणि पायानंच परत आत सरकवली. हात लावला नाही.

त्या दिवशी बायको माझ्याच ताटात जेवायला बसली. म्हणाली, "मला बी व्हऊ द्या काय व्हायचं ते. पर परभनीच्या दवाखान्यात चला." तिच्या या वागण्यानं मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी भाकरी मोडत राहिलो.

परभणीच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादेत शिकलेला, दखनी बोलणारा होता. त्यानं माझा हात उघड्या हातानं धरला. मला डोळे मिटायला लावून हाताला ठिकठिकाणी कापूस लावला आणि कुठं लावला ते विचारलं. मी दर वेळी नेमकं बोट ठेवलं. मग त्यानं सुई टोचली. मी शिवी दिली.

"कोढ में, महारोग में, चमडा सो जाता," तो हसला. "तेरा तो गालियां दे रहा. खाते क्या?"

"जवारी."

"और?"

"जवारीच."

"दूध? दाल? गोश्त?"

"दूध विकतो. लढाईनं डाळ महागलीय. गोश्त लोकाच्या घरी खातो."

मग त्यानं धंदा विचारला. दलाली म्हटल्यावर त्याचं काम सोपं झालं. अन्न म्हणजे माल, तो म्हणाला, आणि अंग म्हणजे गिऱ्हाईक. मालातली ताकद आपली आपण अंगाला लागत नाही, मध्ये दलाल लागतो. दलाल म्हणजे काही माल नव्हे, त्यानं पोट भरत नाही. तो चिमूटभरच लागतो, पण तेवढाही नसला तर भरल्या पोटी अंग उपाशी राहतं. अशा दलालांना व्हिटॅमिन म्हणतात. ते खाण्यातूनच आणावे लागतात, आणि माझ्या अंगातला त्यातला एक संपत आला होता. ही रगतपिती नव्हती, आणि हा रोग कुणाला लागतही नव्हता.

पुढं मी आणखी पुष्कळ विचारून घेतलं. कारण मी फसलो असेन तर कशात फसलो, हे मला कळावं लागतं. त्या व्हिटॅमिनचं नाव नायसिन. अन्न अंगात जळतं तेव्हा सुटलेली ताकद ते एकीकडून घेतं, दुसरीकडे पोचवतं आणि रिकामं होऊन पुन्हा घ्यायला येतं. अंगाच्या कणाकणात हे चाललेलं असतं. कातडं, जीभ, आतडी सतत झडून नवी होतात. तिथं खर्च मोठा, म्हणून टंचाई आधी तिथंच दिसते. उन्हानं पोळलेलं कातडं सांधायलाही तेच लागतं, म्हणून सदऱ्याखाली मी धड होतो आणि उघड्यावर काळा. मेंदूचंही त्याच्यावाचून चालत नाही. डाळ, दूध, मांस यांतून अंग थोडंफार नायसिन स्वतःही घडवतं. एकट्या ज्वारीवर ते पुरेसं जमत नाही. ज्वारीत खोट नाही. मी तिला एकटीला जुंपलं होतं.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. दूध घरात राहू लागलं, डाळ शिजू लागली, भुईमुगाचे दाणे आले. आधी पोट थांबलं, मग जीभ निवली. मग भांडण शेवटपर्यंत ध्यानात राहू लागलं. कातडं सगळ्यात मागून, पापुद्रे निघत निघत सुधारलं.

मी बाह्या वर सारून सेलूच्या बाजारात गेलो. पाटील आलेला होता. मेव्हणा पलीकडच्या दावणीला एका शेतकऱ्याशी उपरण्याखाली बोटं दाबत होता.

"हात बरा झाला म्हनं?" पाटील म्हणाला.

"बघा की." मी उपरणं पसरलं.

त्यानं वाकून बघितलं. स्वतःचा हात कमरेवरच ठेवला. "बरा दिसतोय. पर आमचं मन घेईना. तोंडानंच सांगा भाव."

हेडीनं एका जोडीचा भाव तोंडानं सांगितला की आसपासचा प्रत्येक झाकलेला सौदा उघडा पडतो. बाजारात याहून मोठा गुन्हा नव्हता. मी गुमान निघून जाईन असं पाटलाला वाटलं असणार. मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि जोडीचा भाव ओरडून सांगितला. सगळ्या बाजारानं ऐकला. मेव्हणा त्याच्या शेतकऱ्याला याहून हलकी जोडी याहून चढ्या भावानं देत होता. त्या शेतकऱ्यानं हात काढून घेतला.

मेव्हणा पळत आला. "दाजी, समद्यांचा धंदा बुडवायलाव का?"

"हात नको होता ना माझा? मग जीभ घ्या."

पाटलानं जोडी घेतली. पैसे त्यानं मातीत ठेवले, मी वाकून उचलले. आपण जिंकलो हे मला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी उघड्या भावानंच विकत आलो. भाव सगळ्यांसमोर ऐकायला मिळायचा, फसायची भीती नव्हती, म्हणून लहान शेतकरी माझ्याकडंच यायचे. पुढं लोक हात पुढं करू लागले, पाटीलसुद्धा. मी कुणाचा घेतला नाही. मेव्हण्यानं सेलू सोडलं, गंगाखेडकडं बाजार धरला.

बायको अजून विचारते, "माझ्या भावाशी कवा बोलनार तुमी?"

मी म्हणतो, बोलतोच की. त्यानं भाव विचारला तर सांगतो.