राहिलेला पाडा

"एखादा पाडा राहला तं नाय ना?" त्याने टेबलावर वही ठेवायची, तिच्यावर दोनदा हात फिरवायचा आणि हे विचारायचं. जेवायला बसलो तरी हेच. सुरुवातीला मला हसू यायचं, मग वैताग. असा काळजीखोर माणूस तुमच्याही कचेरीत एखादा असेलच.

मोखाड्यात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. तिथली एक लहानशी संस्था, आता ती बंद झाली, पाड्यापाड्यांवर जीप पाठवून लहान मुलांना औषधं द्यायची. हा वहीवाला तिथला कारकून, वर्षावर्षाच्या करारावर. मी नाशिकहून गेलेला सॉफ्टवेअरवाला, अंगात भलतीच मिजास. जीप कधी कुठल्या पाड्यावर जाईल ते छापून देणारा प्रोग्रॅम मला करायचा होता. पाड्यांची यादी त्याची; पायी फिरून, म्हाताऱ्यांना विचारून उतरवलेली. मी म्हणायचो, अहो, यातले निम्मे नकाशात नाहीत. तो म्हणायचा, "नकाशात नसंल, पोरं तं हायत ना."

आता माझी करणी ऐका. प्रोग्रॅम बांधायला एक बिल्ड टूल असतं. सोबतच्या याद्या कुठल्या फोल्डरमधून घ्यायच्या ते त्याला लिहून द्यायचं. काहीच लिहिलं नाही तर ते नेहमीचा फोल्डर आपणहून घेतं. पण एकदा का दुसरा फोल्डर लिहिलात, की नेहमीचाही लिहावा लागतो, नाहीतर तो मुकाट्याने मागे राहतो. मी छपाईच्या नमुन्यांसाठी नवा फोल्डर लिहिला आणि नेहमीचा विसरलो. पाड्यांची यादी नेमकी त्यातच होती.

गावांची नावं प्रोग्रॅममध्येच होती, म्हणून छापून आली ती नुसती गावं. पाडा एकही नाही. त्या आठवड्यात जीप गावांतूनच परतली, आणि बाजारच्या दिवशी पाड्यांवरच्या बाया पोरं कडेवर घेऊन संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या. संस्थेच्या मॅडमनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, यादीच धड दिली नाही म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मीही, लाज वाटते सांगायला, "यादी एकदा तपासा" म्हणालो.

चार दिवस तो पुन्हा पाडे पालथे घालत होता. मला चूक दुसऱ्याच दिवशी सापडली. नेहमीच्या फोल्डरची एक ओळ. ती लिहिली आणि गप्प बसलो.

तो परतला तेव्हा चालून चालून पाय सुजले होते, तोंड मात्र उजळलेलं. "साहेब, माझंच चुकलं व्हतं. डोंगरामागं तीन घरांचा पाडा राहला व्हता. त्याच्यापायीच सगळं बिघडलं." मी तो पाडा यादीत घातला आणि छापून दाखवलं. सगळे पाडे आले. त्याने हात जोडले.

मॅडमना त्याने आपणहून जाऊन कबुली दिली. मार्चअखेर त्याचा करार वाढला नाही. त्याआधी मॅडमनी मला विचारलं होतं, यादीचं नेमकं झालं काय? मी म्हणालो, आता सगळं ठीक आहे. नालायकपणा म्हणतात तो हाच.

शेवटचा भेटला तो जव्हारच्या एसटी स्टँडवर. बरोबर बायको, दोन पोरं, भांड्यांची गोणी. भिवंडीकडे बांधकामावर निघाला होता. मला पाहून लगबगीने पुढे आला आणि बायकोला सांगू लागला, "हेच ते साहेब. माझी येवढी चूक झाली, तरी एक शबूद बोलले नाय मला."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.