कापून पाहिलेला दगड

प्रा. आगटे सरांचा आणि माझा परिचय संशयातून झाला, हे या अमृतमहोत्सवी ग्रंथात प्रारंभीच नमूद करणे मला आवश्यक वाटते. बुधवार पेठेतील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी ‘पृथ्वीची आणि विश्वाची तोंडओळख’ असा वर्ग चालतो आणि तो विनामूल्य आहे, असे मी सूचनाफलकावर वाचले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कारखान्यांच्या गोदामांत जाऊन मालाची प्रत्यक्ष पडताळणी करणे, ही माझी नोकरी. निवृत्त प्राध्यापक विनामूल्य दगड दाखवतात, म्हणजे शेवटच्या तासाला राशीचे खडे बाहेर निघणार, अशी माझी खात्री होती. ते पाहण्यासाठीच मी गेलो.

खडे निघाले नाहीत. चार रविवारांत सरांनी आम्हाला धूळ आणि वायूच्या ढगापासून सूर्य कसा घडला, उरलेल्या चकतीतून ग्रह कसे जमले, आणि आपण ज्या टेकड्यांवर फिरायला जातो त्या मुळात लाव्ह्याचे थर कशा, हे समजावले. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी एकदा वाहतुकीत अडकून अगदी शेवटी पोहोचली आणि ओशाळून दारातच थांबली. सर म्हणाले, “या, बसा. हे सगळं घडायला विश्वाला तेराशे ऐंशी कोटी वर्षं लागली. तुम्हाला दीड तास लागला तर काय बिघडलं?” वर्ग सुटल्यावर तिच्या एकटीसाठी त्यांनी सगळा तास पुन्हा घेतला. मी मुद्दाम मागे थांबलो होतो. दुसऱ्या खेपेस काही गाळले नाही, याची मी नोंद घेतली.

पाचव्या रविवारी त्यांनी वर्गात एक काळा, जड दगड फिरवला. “हातात घ्या. हा पृथ्वीइतका जुना आहे,” ते म्हणाले. त्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात ‘उल्कापाषाण’ एवढेच लिहिले होते. दगडाच्या एका कोपऱ्यात मला बारीक गोल खळगे दिसले. तसे खळगे मी ओतकामाच्या कारखान्यांच्या आवारात, भट्टीतून फेकलेल्या धातूच्या मळीत पाहिले होते.

मी विचारले, “सर, याची ओळख कोणी पटवली?”

“माझ्या गुरुजींनी. अक्षर त्यांचंच आहे.”

“तपासून?”

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. “अहो, आपण शिकायला आलात की उलटतपासणी घ्यायला?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी दगड परत घेतला आणि तास पाच मिनिटे आधी संपवला.

पुढच्या रविवारी टेबलावर दगड नव्हता.

“दगड दिसत नाही, सर?”

“बाहेरगावी गेलाय.”

मी घरी आलो तो निष्कर्ष पक्का करूनच. अडचणीचा माल पडताळणीच्या दिवशी गोदामातून नाहीसा होतो, हा माझा अनुभव आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी सर आले, तेव्हा त्यांच्या हातात दोन तुकडे होते. दगड मधोमध कापून त्याचे पृष्ठ घासून गुळगुळीत केलेले होते. त्यांनी मला पुढे बोलावले, एक तुकडा माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “काय दिसतं ते मोठ्यानं सांगा.”

“बुडबुडे, सर. आतपर्यंत.”

“चमकणारे धातूचे कण?”

“नाहीत.”

“बरोबर. लोखंड-निकेलचे कण असायला हवे होते, बुडबुडे नको होते. प्रयोगशाळेचाही अहवाल आलाय. ही भट्टीतली मळी आहे. वीस वर्षं मी ही तुमच्यासारख्यांच्या हातात आकाशातली म्हणून दिली.” ते पुढे म्हणाले, “शंका मला पहिल्याच वर्षी आली होती. कापला नाही. गुरुजींचा शब्द कापल्यासारखं वाटलं.”

म्हणजे माझा संशय निराधार नव्हता. फक्त मी तो चुकीच्या जागी ठेवला होता. सर दगड लपवत नव्हते. ज्या दिवंगत गुरूंनी त्यांना घडवले त्यांचा शब्द, आणि त्यावर उभा असलेला स्वतःचा वीस वर्षांचा शब्द, ते पात्याखाली ठेवून आले होते. आगटे काकूंनी नंतर मला सांगितले, “ते दोन आठवडे यांचं जेवणात लक्ष नव्हतं. गुरुजींच्या फोटोकडे बघायचेसुद्धा नाहीत.”

मी सरांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “शंकेबद्दल माफी मागायची असेल, तर पुढच्या रविवारपासून येऊ नका.”

त्यानंतर जुन्या वह्यांतून पत्ते शोधून त्यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली. पाकिटे चिकटवायला मी होतो, म्हणून खात्रीने सांगतो: एकाही पत्रात ‘अनवधानाने’ हा शब्द नव्हता. गुरुजींची चिठ्ठी त्यांनी काढून टाकली नाही. तिच्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: ‘ओळख गुरुजींची. तपासणी माझी. विलंबही माझाच.’ आता प्रत्येक नव्या वर्गाचा पहिला तास याच दोन तुकड्यांनी सुरू होतो.

‘विश्वासार्ह’ हा शब्द मी कोणाविषयी सहसा लिहीत नाही. येथे तो विचारपूर्वक लिहीत आहे. प्रकृती उत्तम असल्याचे सर सांगतात. या एका बाबतीत त्यांच्या शब्दावर विसंबू नये, अशी काकूंची सूचना आहे. तेव्हा त्यांनी वैद्यकीय तपासण्या वेळेवर कराव्यात, शंभरी निरोगीपणे गाठावी, आणि दर रविवारी त्यांच्यासमोर त्यांना अडचणीत आणणारा एक तरी श्रोता बसलेला असावा, अशी मनःपूर्वक शुभेच्छा मी व्यक्त करतो.