नव्या घरात स्वयंपाकघरच नाही!

मंडळी, जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये एकदाचं परवडणारं, शांत गल्लीतलं भाड्याचं घर मिळालं. आज किल्ली घेतली. नव्या घरात दूध उतू घालायचं म्हणून बायको पातेलं घेऊनच आली होती.

दार उघडलं, तर शेगडी नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत! भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले.

घरमालकीणबाई थंडपणे म्हणाल्या, "किचन आधीच्या भाडेकरूचं होतं, तो घेऊन गेला. इथे असंच असतं."

घर बघायला आलो तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "किचन विकत घेता का?" मला वाटलं, घराबरोबर फुकट मिळणारी वस्तू गळ्यात मारतोय. पुण्यातल्या एजंटांना पुरून उरलेला मी, ठणकावून नाही म्हणालो!

आता आई व्हिडिओ कॉलवर विचारतेय, "दूध उतू गेलं का रे?"

खोलीतल्या हीटरवर दूध उतू जातं का हो? कुणी करून बघितलंय?