विहीणबाई, पुण्याच्या पेठा आणि एक ‘अहो’

लोक पुण्याला शिकायला जातात, नोकरीला जातात, गणपती बघायला जातात. आम्ही दोघं अमरावतीहून पुण्याला गेलो ते स्वतःला दाखवून घ्यायला. आमची ऋजुता सदाशिव पेठेत एका क्लासमध्ये जपानी शिकवते, आणि शिकवता शिकवता तिनं एक जपानी मुलगाच पसंत केला. केंजी त्याचं नाव, पुण्यातल्याच एका कारखान्यात इंजिनियर. मुलाबद्दल आमचं काही म्हणणं नव्हतं. दिवाळीत आमच्याकडे येऊन त्यानं पाटवडीचा रस्सा डोळे-नाक पुसत, पण शेवटच्या थेंबापर्यंत संपवला होता, तेव्हाच तो पास झाला होता.

आता परीक्षा आमची होती. त्याची आई, मिचिको सान, ओसाकाहून लेकाकडे थोडे दिवस आल्या होत्या आणि त्यातले दोन दिवस आमच्या वाट्याला होते. लग्नाला त्यांनी अजून होकार दिला नव्हता. ऋजुतानं फोनवर बजावलं, “आई, त्या तोंडावर नाही म्हणणार नाहीत. पटलं नाही तर नुसत्या गप्प होतील.” या एका वाक्यानं पुढे मला फार छळलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी पुणं. स्टेशनवर रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा सरळ मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला आणि मंडईला उतरा. सामान हलकं असेल तर तिथून सदाशिव पेठ पायी होते. आमच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या होत्या, त्यामुळे रिक्षा करावीच लागली. पेठेतले लॉज साधे पण स्वच्छ असतात, जिने मात्र उभे. गुडघे कुरकुरत असतील तर खालची खोली आधीच मागून घ्या, आणि स्वतःची गाडी अजिबात नेऊ नका.

मिचिको सान लहानखुऱ्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, बोलणं अगदी हळू. केंजी त्यांना आमच्या लॉजवर घेऊन आला, आणि आम्हाला बघताच त्या कमरेत वाकल्या. मी वाकले. त्या परत वाकल्या. मीही परत वाकले, तेव्हा आमचे हे म्हणाले, “बाप्पा, आता कोणाची तरी पाठ धरते.” मग नावं सांगून झाली. माझं नाव ऐकून मिचिको सानचे डोळे मोठे झाले. केंजी कान लाल करून म्हणाला, “काकू, रागावू नका. आमच्याकडे उमा म्हणजे घोडा.”

हे इतके हसले की मला वाटलं आता खुर्चीवरून पडतील. “मला इतकी वर्षं शंका होतीच,” म्हणे. मिचिको सान घाबरून हात हलवायला लागल्या. घोडा फार चांगला असतो, कष्टाळू असतो, असं त्यांनी लेकाकरवी मला समजावलं. मग खेळच सुरू झाला. नाना म्हणजे जपानीत सात, म्हणून नाना पेठ ऐकून त्यांनी बाकीच्या सहा पेठा कुठे ते विचारलं. यांनी शनिवार, रविवार करत शुक्रवारपर्यंत वारांच्या सातही पेठा बोटांवर मोजून दाखवल्या आणि म्हणाले, “सातवी तर झाली, मग ही परत सातवी आली कुठून?” आई म्हणजे त्यांच्यात प्रेम. मला ते लगेच पटलं. जगाच्या एका टोकाला जो आवाज, तोच दुसऱ्या टोकाला, आणि मधे काही नातं नाही, समुद्र आहे नुसता. मला या गोष्टीचं भारी कौतुक वाटलं.

दुपारी तिथल्याच एका जुन्या खानावळीत थाळी घेतली. अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, गरम पोळ्या, आणि रविवार म्हणून श्रीखंड. तिखटाचं वावडं असलेल्या पाहुण्यांना पुण्याची थाळी उत्तम. आमच्या वऱ्हाडी जिभेला थोडी गोडच लागते, पण अळूपुढे मी मान तुकवली. यांना साखरेचा त्रास आहे आणि हात श्रीखंडाच्या वाटीकडे निघाला होता. मी म्हटलं, “अहो! पुरे आता.”

मिचिको सानचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात वाढणारे काका आले. “अहो ताई, ताक देऊ? अहो, तुम्ही काहीच घेतलं नाही.” पलीकडच्या टेबलावरून एक आजोबा म्हणाले, “अहो, पंखा आमच्यासाठीही आहे, जरा वेग वाढवा.” मिचिको साननी चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

संध्याकाळी कसबा पेठेत गेलो. चालतच बघायची जागा आहे ही. तांबट आळीत तांब्याच्या हंड्यांवर हातोडीनं ठोके पाडत बसलेले कारागीर बघितले की पाय निघत नाही. एकेक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, कुठे उणा नाही की दुणा नाही. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागतं. यांची स्वारी भलत्याच बोळात शिरायला लागली की मी “अहो! इकडे!” म्हणून हाक मारायची, आणि दर वेळी मिचिको सान दचकायच्या. त्यांनी एक छोटा तांब्याचा गडू घेतला, तो छातीशी धरला आणि लॉजपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

मी ऋजुताला बाजूला घेतलं. “काय चुकलं गं आमचं?”

ती ओठ चावत होती. “आई, तू बाबांना सारखं अहो अहो करतेस ना...”

“मग काय अरे करू?”

“ओसाकाकडे अहो म्हणजे मूर्ख. बावळट. मी शिकवते ते टोकियोचं जपानी, माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि केंजी इतकी वर्षं इथं आहे, त्याच्या कानाला आता ते कळतही नाही.”

म्हणजे त्या बाईंनी दिवसभर काय ऐकलं होतं? मी भर पंगतीत नवऱ्याला म्हणतेय, मूर्खा, पुरे आता. वाढपी त्यांना म्हणतोय, मूर्ख ताई, ताक देऊ? पुण्याचं मला कौतुक वाटतं ते हेच, की इथं अपमानसुद्धा आदरार्थी होतो. भांडणाची सुरुवातही अहोनं. आणि तोच आदर माझ्या लेकीच्या मुळावर उठला होता. “मग समजावून सांग ना त्यांना,” मी म्हटलं. ऋजुता म्हणाली, “आता सांगितलं तर त्यांना वाटेल, सारवासारव करतोय. तू फक्त उद्या म्हणू नकोस.”

फक्त! ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एक दिवस करून बघावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा हवा होता, तर मी यांच्या खांद्यावर टकटक केली. पोह्यांच्या वेळी खाकरले. हे म्हणाले, “काहून? घसा बसला का?” अगबाई, ऐकलंत का, इकडे बघा, सगळं करून पाहिलं. अहो काढून घेतल्यावर माझ्याकडे नवऱ्याला हाक मारायला काही उरलंच नव्हतं. मिचिको सान अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि गप्पच होत्या. मी मनातल्या मनात ऋजुताचं लग्न मोडलेलं बघत होते.

दगडूशेठचं दर्शन सकाळी लवकर घ्यावं, गर्दी कमी असते. आम्ही उशिरा गेलो. दर्शन फार छान झालं, पण बाहेर येऊन बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरलो आणि बघते तर हे गायब! यांना वायरी, बॅटऱ्या दिसल्या की भान राहत नाही. फोन लॉजवर चार्जिंगला लावून आलेले. जेवणाची वेळ टळत चाललेली, यांची साखर उतरली की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. केंजी आणि ऋजुता दोन दिशांना शोधायला गेले. मी आणि मिचिको सान एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो.

अहो म्हणायचं नाही. मग मी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली, उखाण्याशिवाय. “प्रकाश!”

कोणी वळलं नाही. मी आणखी जोरात ओरडले, “प्रकाश! प्रकाश!”

मागच्या दुकानदारानं मान वर न करता सांगितलं, “प्रकाश समोरच्या दुकानात. आमच्याकडे फक्त वायरी.”

समोर एलईडी बल्बांच्या माळा लखलखत होत्या. तेवढ्यात मला त्या माळांच्या आड यांची पाठ दिसली. चार पावलांवर होते! मी परत नावानं हाक मारली, तरी पाठ हलली नाही. माझ्या आवाजात त्यांनी आपलं नाव कधी ऐकलंच नव्हतं, वळतील कशाला? गर्दीचा एक लोंढा आला, पाठ दिसेनाशी झाली, आणि माझा धीर सुटला. गेलं लग्न खड्ड्यात, असंही मनात येऊन गेलं.

“अहोऽऽऽ!”

गल्लीतले निम्मे पुरुष वळले. एक तर स्कूटर थांबवून बघायला लागला. आणि त्या सगळ्यांतून, हातात नवी बॅटरी घेऊन, आमचे हे म्हणाले, “ओ! काय झालं?”

माझ्या शेजारी मिचिको सान हसायला लागल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसल्या. मग हात तसाच राहिला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

जवळच्या अमृततुल्यात बसलो. यांना आधी बिस्किटं खायला घातली. मी केंजीला म्हटलं, “आईंना सांग, आमच्यात तो आदराचा शब्द आहे. मी यांना मूर्ख म्हणत नव्हते.” त्यानं सांगितलं. मिचिको सान चहाच्या ग्लासाकडे बघत बराच वेळ बोलत राहिल्या. केंजी एकेक वाक्य आम्हाला मराठीत सांगत होता.

आदराचा आहे हे त्यांना कालच कळलं होतं. इतकी माणसं इतक्या प्रेमानं शिवी देत नाहीत. पण त्यांच्या ओसाकातही ती नुसती शिवी नाही, घरच्या माणसाला लाडानं म्हणतात. त्या नवऱ्याला म्हणायच्या. छत्री विसरले, अहो. दोन माणसांच्या घरात भलंमोठं कलिंगड घेऊन आले, अहो. ते हसायचे. ते गेले, आणि तेव्हापासून हा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही. म्हणणार कोणाला? आणि काल खानावळीत कोणीतरी अगदी त्याच सुरात म्हणालं. त्या दाराकडे वळल्या. कोण आत येईल असं वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं. केंजीनं डोळे पुसून सांगितलं, “आई विचारते, आज सकाळी तुम्ही एकदाही का म्हणाला नाहीत? ती वाट बघत होती.”

मला रडू आवरेना.

निघताना मिचिको सान ऋजुताकडे वळून जपानीत म्हणाल्या, आणि केंजीनं आम्हाला सांगितलं, “तू माझ्या मुलाला काय हाक मारशील?” ऋजुता म्हणाली, “केंजीच म्हणते मी.” त्यांनी मान हलवली. “अहो म्हण,” त्या म्हणाल्या. “दोन्ही अर्थांनी लागेल.”

हा होकार होता.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. पुण्याहून आणलेली बाकरवडी संपली, लग्नाची तारीख बघणं चालू आहे. पुण्याला जाल तर पेठांमधून पायी हिंडा आणि कान उघडे ठेवा, एवढंच सांगेन. काल संध्याकाळी हे अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो!”

“ओ! काय पाहिजे?”

“काही नाही,” मी म्हटलं. काही नकोच होतं, ओ येते का तेवढं बघत होते.