फरशीतली नदी

स्टेशनात नदी येणार हे ऐकलं आणि फरशीवालीच्या बापाने कपाळावर हात मारला. एवढं जुनं दगडी स्टेशन, आता म्हणे त्याचं रान करणार! खांबांवर झाडाची साल कोरणार, छताला हिरव्या काचेची पानं लावणार, मोठ्या दालनात दारापासून फलाटापर्यंत निळ्या तुकड्यांची नदी बसवणार. आणि नदीचं काम नेमकं त्याच्या लेकीकडे. घ्या!

म्हाताऱ्याने जन्मभर त्याच स्टेशनात हमाली केली. आता डोळ्यांना नुसता उजेड कळे, तरी रोज तिथे एक चक्कर ठरलेली. कामासाठी दालन बंद झालं आणि तो खाटेला खिळला. लेकीला एकच ध्यास, काम उरकलं की बाबा पुन्हा हिंडूफिरू लागतील. ती झपाटल्यासारखी कामाला लागली.

फरशीवाल्यांचा जीव लेव्हलमध्ये अडकलेला. जुन्या दगडात एक लांबच लांब खोलगट पट्टा होता, तो तिने आधी सिमेंटने भरून काढला. आणि वर घरी येऊन फुशारकी, "बाबा, असं सपाट केलंय, गोटी ठेवा, हलायची नाही!"

"कुठला पट्टा भरलास?"

"घड्याळाच्या खांबाला वळसा घालून फलाटाकडे जायचा ना, तो."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं शहाणे, आमच्या पायांनी पडला होता तो. माझ्या, माझ्या बापाच्या. त्यात पाऊल ठेवलं की मला डोळ्यांची गरज लागत नव्हती."

त्या दिवसापासून त्याने बोलणंच टाकलं. काहीही विचारा, हूं नाही की चूं नाही. शेवटी नदीचं चित्र काढणाऱ्या बाईंपुढे लेकीचा बांध फुटला. बाईंनी सगळं ऐकलं, मग कागदावरच्या सरळ रेघेकडे बघत बसल्या. "नदी कुठे अशी नाकासमोर चालते? मलाही ते खटकतच होतं. काढ ते सिमेंट, नदी त्या पट्ट्यातूनच नेऊ."

ती छिन्नी घेऊन बसली. वर पानं लागली होती, अंगावर हिरवा उजेड सांडत होता. सिमेंटचे टवके निघू लागले, खालून जुना दगड उघडा पडला, हाताला मऊ लागणारा. मधूनच तिला वाटे, शेजारून कुणीतरी चाललंय. एकामागून एक, अनवाणी, डोक्यावर ओझी घेऊन. ती अंग चोरून त्यांना वाट देई आणि स्वतःशीच हसे. मग तो खोलगटपणा जपत तिने निळे तुकडे बसवले.

एका सकाळी ती चहा देत असताना बापाची बोटं तिच्या तळहाताला लागली.

"हे फोड कसले?"

"तुमची वाट उकरत होते."

चहा संपला, तसा तो म्हणाला, "काठी कुठाय माझी?"

दालनाच्या दारात त्याने चपला काढल्या. निळ्यावर पाऊल ठेवलं, अंगठ्याने चाचपलं, मान वर केली. "वर काय आहे गं?"

"पानं."

"हलतायत?"

काचेवरून ढग चालले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा हिरवा उजेड सरकला. "हलतायत," ती म्हणाली.

तो चार पावलं गेला आणि थबकला. "छे, हे काही बरोबर नाही."

"काय चुकलं बाबा?"

"मोकळ्या डोक्याने इथून कधी चाललोय का मी?"

त्याने काठी तिच्या हातात दिली आणि तिची हत्यारांची जड पिशवी डोक्यावर घेतली. "बाजूला! चला, बाजूला!" आवाज दालनभर घुमला. चित्रवाल्या बाई चटकन सरकल्या. घड्याळाचा खांब आला, म्हाताऱ्याने अलगद वळसा घेतला, खांबाला कोपरही लागू दिलं नाही.

फलाटावर पोचल्यावर त्याने पिशवी उतरवली, घाम पुसला आणि हात पुढे केला. "ताई, हमाली?"

तिने आपला फोड आलेला हात त्याच्या हातात ठेवला. त्याने तो हलकेच धरला.

"घरी चल," तो म्हणाला. "तेल लावतो."